वान्दो : समुद्रावर जगणाऱ्या एका कोरियन जिल्ह्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन नूडल्सच्या पाकिटात कधीकधी एक जाडसर, काळपट-हिरवा चौकोनी तुकडा निघतो. तो कुठून येतो याचा शोध घेत गेलं की दक्षिण कोरियाच्या नैऋत्य टोकाला वान्दो नावाचा जिल्हा लागतो. तिथल्या भूगोलाबद्दल आणि पोटापाण्याबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मला स्वतःला त्यातला एक प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो: समुद्र एवढं भरभरून देत असताना माणसं तिथून का निघून जातात? तो सोडवायचा तर आधी बेटं, पाणी आणि शेवाळ समजून घ्यावं लागतं.

वान्दो नेमका कुठे आहे?

कोरियन द्वीपकल्पाच्या नैऋत्य कोपऱ्यात, दक्षिण जोल्ला प्रांतात. उत्तरेला हेनाम आणि गांगजिन हे मुख्य भूमीवरचे जिल्हे आहेत, दक्षिणेला मोकळा समुद्र आणि त्यापलीकडे जेजू बेट. जिल्हा अक्षांश ३४ अंश उत्तरेच्या आसपास आहे. कोरियाच्या मानाने हवा उबदार, हिवाळा सौम्य. त्यामुळे इथे वर्षभर हिरवी राहणारी झाडं वाढतात, जी सोलकडे दिसत नाहीत. वान्दोच्या मुख्य बेटावर या उबदार पट्ट्यातल्या वनस्पतींचं मोठं वृक्षोद्यान आहे.

जिल्हा म्हणजे आपल्यासारखा जिल्हा का?

आकाराने नाही. कोरियात प्रांताखाली शहरं आणि ग्रामीण जिल्हे असे दोन प्रकार येतात. ग्रामीण जिल्ह्याला ‘गुन’ म्हणतात. वान्दो-गुनचं क्षेत्रफळ साधारण ४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या लहानशा तालुक्याएवढं. मात्र त्याला स्वतःचं प्रशासन आहे आणि लोकांनी निवडून दिलेला प्रमुख आहे. खाली तीन मोठी गावं आणि नऊ ग्रामविभाग मिळून बारा भाग आहेत. जिल्हा म्हणून त्याची स्थापना १८९६ साली झाली. त्याआधी ही बेटं शेजारच्या मुख्य भूमीवरच्या वेगवेगळ्या अंमलांत विभागलेली होती.

बेटं किती, आणि त्यांतल्या किती बेटांवर वस्ती आहे?

लहानमोठी मिळून २६५ च्या आसपास, त्यांतली सुमारे ५५ वस्तीची. बाकीचे कातळ, झाडीचे उंचवटे आणि पक्ष्यांच्या जागा. बराचसा भाग १९८१ साली जाहीर झालेल्या दादोहे सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो.

नकाशावर ही बेटं विखुरलेली दिसतात, पण तिथल्या माणसाच्या डोक्यातला नकाशा वेगळा असतो. कुठल्या बेटाला पूल आहे आणि कुठल्याला अजून बोटच आहे, यावर तो ठरतो. मुख्य बेटाला १९६९ साली हेनामच्या बाजूने पूल झाला. २००५ मध्ये सिन्जीचा पूल झाला, २००७ मध्ये गोगुम बेट गांगजिनला जोडलं गेलं, २००८ मध्ये बोगिल आणि नोह्वा एकमेकांना जोडली गेली, आणि २०१७ मध्ये जांग बोगो पुलाने सिन्जी आणि गोगुम यांची गाठ घातली. पूल झाला की रुग्णवाहिका रात्रीही निघू शकते आणि मासळीचा टेम्पो बोटीची वाट पाहत थांबत नाही. चंगसान, सोआन, सेंगिल, गुमदांग या बेटांचं मुख्य भूमीशी नातं मात्र अजून बोटीच्या वेळापत्रकावर चालतं. धुकं पडलं, वारा वाढला की सगळं थांबतं.

इथला समुद्र एवढा सुपीक का?

तीन कारणं एकत्र येतात. पहिलं म्हणजे पाणी उथळ आहे आणि बेटांच्या रांगांमुळे खुल्या समुद्राच्या लाटा आत येईपर्यंत मऊ होतात. त्यामुळे दोर, जाळी, पिंजरे टिकतात. दुसरं, भरती-ओहोटीचा ओढा जोरदार आहे. बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून पाणी दिवसातून चार वेळा इकडून तिकडे पळतं, तळाचा गाळ आणि पोषक द्रव्यं ढवळली जातात, आणि शेवाळाला सतत ताजं पाणी मिळतं. तिसरं कारण तापमानाचं. हिवाळ्यात पाणी दहा अंशांच्या खालीही जातं, उन्हाळ्यात पंचविशीकडे चढतं. गिम, मियक आणि दासिमा या तिन्ही शेवाळांचा वाढीचा मोसम थंड पाण्याचा असतो, आणि इथे तो कित्येक महिने मिळतो.

उपग्रहाच्या छायाचित्रांत या किनाऱ्यालगत समुद्रावर आखलेले गडद पट्टे दिसतात. ते शेवाळाचे मळे. किनाऱ्यापेक्षा समुद्रावर जास्त बारकाईने वाफे आखलेले पाहिले की हा जिल्हा कुठल्या जमिनीवर जगतो ते लगेच कळतं.

गिम, मियक, दासिमा: हे सगळं एकच का?

नाही. खाण्यातही नाही आणि शेतीतही नाही.

गिम म्हणजे भाताची गुंडाळी ज्यात करतात तो पातळ काळा कागदासारखा पापुद्रा. तो लाल शेवाळाच्या वर्गातला. याचं बी कुठून येतं हे फार काळ कुणालाच कळलं नव्हतं. १९४९ साली कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की या शेवाळाच्या आयुष्यातला एक टप्पा शिंपल्यांच्या आत दडून जातो. तेव्हापासून कालवांच्या शिंपल्या टाक्यांत टांगून त्यावर बी तयार करतात, शरद ऋतूत ते जाळ्यांना लावतात आणि जाळी समुद्रात पसरतात. हिवाळाभर एकाच जाळ्याची पुन्हापुन्हा कापणी होते. आणलेला माल धुऊन, बारीक करून, चौकोनी साच्यांत ओतून यंत्रावर वाळवतात.

मियक तपकिरी, लांब पानांचं. वाळवून ठेवतात आणि भिजवून त्याचं सार करतात. कोरियात बाळंतिणीला हे सार देतात आणि प्रत्येक वाढदिवसालाही ते घरात होतं. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर देतात, त्यामागची माया तीच.

दासिमा जाड आणि कातडी पट्ट्यांसारखी. मूळची उत्तरेकडच्या थंड पाण्यातली, आता दक्षिणेत दोरांवर वाढवतात. सुक्या मासळीबरोबर ही उकळून जे पाणी निघतं त्यावर कोरियन स्वयंपाकघर उभं आहे. देशातल्या दासिमाचा निम्म्याहून जास्त हिस्सा वान्दोतून येतो, आणि जिल्ह्यात गुमिलचा भाग यासाठी सर्वांत नावाजलेला. सुरुवातीला ज्या चौकोनी तुकड्याचा उल्लेख केला तो हाच. नोंगशिम कंपनीच्या, १९८२ पासून निघणाऱ्या ‘नोगुरी’ नूडल्समध्ये तो असतो, आणि त्यासाठी कंपनी दरवर्षी गुमिलमधून शेकडो टन दासिमा विकत घेते.

दासिमाच्या मोसमाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यातले कष्ट पाकिटावर दिसत नाहीत. मे ते जुलै हा कापणीचा काळ. माणसं पहाटेच्या अंधारात बोटी काढतात, दोर वर ओढतात, पाण्याने जड झालेल्या पट्ट्या कापतात आणि उजाडेपर्यंत किनाऱ्यावर आणतात. तिथे मोकळ्या जागेवर जाळी अंथरलेली असते. प्रत्येक पट्टी हाताने, एकीला दुसरी चिकटणार नाही अशी, सुटी पसरावी लागते. संध्याकाळपर्यंत ती कडक वाळली तर चांगला दर. मध्येच पाऊस आला तर रंग जातो, दर पडतो. आणि कोरियाचा पावसाळा नेमका याच सुमारास, जूनच्या शेवटी सुरू होतो. त्यामुळे हे काही आठवडे गुमिलमध्ये झोप कुणालाच मिळत नाही. कमरेतून वाकून पट्ट्या पसरणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या बायकाच जास्त असतात.

याशिवाय तोत नावाचं काटक्यांसारखं शेवाळ आहे. त्याला जपानमध्ये मोठी मागणी. त्यात नैसर्गिकरीत्या आर्सेनिक जास्त असतं. ते भिजवून, उकळून, पाणी टाकून खाण्याची रीत आहे आणि ती पाळलीच पाहिजे. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने तर ते न खाण्याचाच सल्ला दिला आहे. मेसेंगी हे केसांसारखं बारीक हिरवं शेवाळ फक्त हिवाळ्यात मिळतं. कालवांबरोबर त्याचं गरम सार करतात.

ॲबलोन म्हणजे काय, आणि त्याचा शेवाळाशी काय संबंध?

ॲबलोन ही एकाच शिंपल्याची समुद्री गोगलगाय आहे. खालच्या बाजूला मांसल पाय, त्याने ती कातळाला घट्ट चिकटते, आणि शिंपल्याच्या आत मोत्यासारखी चमक. कोरियनमध्ये तिला जनबोक म्हणतात. पूर्वी ती पाणबुडे लोक खडकांवरून सोडवून आणत, राजदरबाराला भेट जाई, आजाऱ्याला तिची पेज देत. आज देशात विकल्या जाणाऱ्या ॲबलोनपैकी ७० टक्क्यांहून जास्त वान्दोच्या पिंजऱ्यांतून येते.

पद्धत अशी. जमिनीवरच्या टाक्यांत पिल्लं तयार करतात. ती बोटाच्या पेराएवढी झाली की समुद्रात तरंगत्या चौकटींना टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत सोडतात. आत प्लास्टिकच्या वाकवलेल्या पट्ट्या असतात, त्यांच्या सावलीत ॲबलोन चिकटून बसतात, कारण त्यांना अंधार लागतो. विक्रीयोग्य व्हायला साधारण तीन वर्षं. एका किलोत किती नग बसतात यावर दर ठरतो. कमी नग म्हणजे मोठा माल, म्हणजे जास्त पैसे.

आता मुख्य गोष्ट. ॲबलोन खाते काय? मियक आणि दासिमा. हिवाळा-वसंतात ताजं मियक, त्यानंतर दासिमा. बोटी भरून शेवाळ आणून पिंजऱ्यांत टाकतात. म्हणजे वान्दोत पिकणाऱ्या शेवाळाचा फार मोठा भाग माणसाच्या ताटात जातच नाही. खाद्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही, शेजारच्या दोरावरून कापायचं आणि इकडे टाकायचं. या जिल्ह्याचं अर्थकारण या एका साखळीवर चालतं. चांगल्या वर्षी ही साखळी सगळ्यांना वर खेचते, वाईट वर्षी सगळ्यांना एकदम खाली नेते.

हा सगळा पसारा पहिल्यापासून असाच होता का?

नाही, आणि हे लक्षात ठेवणं फार महत्त्वाचं. आधी वान्दोची ओळख गिमची होती. विसाव्या शतकाच्या मध्यापासून इथलं गिम जपानला जाई आणि पैसा खेळे. वान्दोत कुत्रासुद्धा तोंडात नोट धरून फिरतो, असं त्या काळी लोक म्हणत. मग जपानी बाजार आटला, गिमचे मळे इतर जिल्ह्यांतही पसरले, इथले लोक मियक आणि इतर शेवाळांकडे वळले. ॲबलोनचे पिंजरे मोठ्या प्रमाणावर आले ते शतक पालटताना, साधारण २००० च्या आसपास.

गंमत अशी की गिमला पुन्हा दिवस आले आहेत. २०२४ मध्ये कोरियाची गिम-निर्यात एक अब्ज डॉलरच्या जवळपास पोचली आणि देशातच गिम महागल्याची ओरड झाली. ज्यांनी गिमची जाळी सोडली नव्हती ते आता बऱ्या स्थितीत आहेत.

मग ॲबलोनवाले अडचणीत का आहेत?

सगळ्यांनी एकाच वेळी एकाच गोष्टीत पैसा घातला म्हणून. पिंजरे वाढत गेले, माल वाढला, खाणारे तेवढे वाढले नाहीत. ॲबलोन मुख्यतः सणाच्या भेटीत, कडक उन्हाळ्यातल्या पौष्टिक जेवणात आणि हॉटेलांत खपते. घरात रोज कुणी आणत नाही. करोनाकाळाने हॉटेलं थंडावली, नंतर महागाईने लोकांचा हात आखडला, आणि २०२३-२४ मध्ये दर इतके उतरले की खर्च निघेना.

यात एक दुखरी बाजू अशी की ॲबलोनचं पीक तीन वर्षांचं. दर पडला म्हणून पुढच्या मोसमात दुसरं काही लावू, असं करता येत नाही. पिंजऱ्यात बसलेली गोगलगाय रोज खातच असते. कर्ज काढून उभे केलेले पिंजरे, त्यावर मजुरी, त्यावर शेवाळ. थांबून राहिलं तरी खर्च, विकलं तरी तोटा. दाट लावलेल्या पिंजऱ्यांनी पाण्याचा प्रवाहही मंदावतो आणि मर वाढते. त्यामुळे पिंजरे कमी करणं हाच खरा इलाज आहे असं मला वाटतं. पण कुणी आधी कमी करायचे यावर गाडं अडतं, आणि ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला ‘तू पहिला हो’ असं सांगणं सोपं नाही.

समुद्राचा मालक कोण? कुणीही जाऊन दोर बांधू शकतो का?

अजिबात नाही. समुद्र सरकारचा, पण वापराचा परवाना लागतो. तो दहा वर्षांचा असतो आणि वाढवून घेता येतो. किनाऱ्यालगतच्या पाण्यावर बहुतेक ठिकाणी गावाच्या मच्छीमार मंडळाचा हक्क चालतो. या मंडळाला ओचोनगे म्हणतात. परवाना मंडळाच्या नावावर, आणि मंडळ आपल्या सभासदांना जागा वाटून देतं. काही गावांत चिठ्ठ्या टाकून वाटणी होते, म्हणजे चांगल्या प्रवाहाची जागा कायम एकाच घराकडे राहत नाही. किनाऱ्यावरचे शिंपले, शेवाळ कधी काढायचं, कधी बंद ठेवायचं हेही मंडळच ठरवतं.

ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. गावाने गावाचा समुद्र राखला, बाहेरच्या भांडवलाला सरसकट दार उघडलं नाही. पण तिचीच दुसरी बाजू आज टोचते आहे. बाहेरून येऊन स्थायिक होऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्याला सभासदत्व मिळवायला वर्षानुवर्षं राहावं लागतं, प्रवेशशुल्क भरावं लागतं, जुन्या सभासदांची संमती लागते. सरकार अटी सैल करा म्हणून सांगतं. ज्येष्ठांचं म्हणणं, आम्ही चाळीस वर्षं राखलेला समुद्र काल आलेल्याला कसा द्यायचा? दोघांचंही खरं आहे, आणि दरम्यान सभासदांचं सरासरी वय वाढत चाललं आहे.

वादळं आणि समुद्राचं वाढतं तापमान यांचा कितपत फटका बसतो?

फार. ऑगस्ट २०१२ मध्ये बोलावेन वादळ आलं आणि बोगिल, नोह्वा भागातल्या ॲबलोनच्या पिंजऱ्यांचा अक्षरशः चुराडा झाला. तुटक्या चौकटींचे ढीग किनाऱ्यावर येऊन पडले. तीन वर्षांचं पीक एका रात्रीत गेलं.

तापमानाचं संकट हळूहळू येतं. कोरियाभोवतीच्या समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान १९६८ पासूनच्या साडेपाच दशकांत जवळपास १.४ अंशांनी वाढलं आहे, जगाच्या सरासरीपेक्षा जास्त. उन्हाळ्यात पाणी तापलं की ॲबलोन आणि टाक्यांत वाढवलेले फ्लॅटफिश जातीचे चपटे मासे मरतात, शरदात पाणी वेळेवर थंड झालं नाही की गिमचं बी लावणं पुढे ढकलावं लागतं. थंड पाण्याचा मोसमच आखडला तर वर सांगितलेलं तिसरं कारण निसटतं.

प्रदूषणाचाही मुद्दा आहे, आणि तो शेतीतूनच निर्माण झालेला. वर्षानुवर्षं स्टायरोफोमचे, म्हणजे थर्माकोलसारख्या फोमचे, तरंगे वापरले गेले, ते फुटून त्याचे दाणे सगळ्या किनाऱ्यांवर पसरले. २०२३ च्या नोव्हेंबरपासून मत्स्यशेतीत नवे स्टायरोफोम तरंगे बसवायला देशभर बंदी आहे. ही बंदी दहा वर्षं आधी यायला हवी होती.

चहूकडे पाणी असताना पिण्याच्या पाण्याची टंचाई असते हे खरं आहे का?

खरं आहे. पाऊस वर्षाला साधारण १,५०० मिलिमीटर पडतो, पण बेटं लहान आणि उतार तीव्र. नदी अशी नाही, पाणी थेट समुद्रात जातं. बेटाबेटांवर छोटे तलाव आहेत आणि त्यांवरच सगळी भिस्त. २०२२-२३ मध्ये दक्षिण जोल्लात मोठा दुष्काळ पडला तेव्हा बोगिल, नोह्वा, गुमिल, सोआन या भागांत आठवड्यातले मोजकेच दिवस नळाला पाणी येई. बोटीने पाण्याचे टँकर आणले गेले. बोगिल बेटावर जमिनीखाली अडवून पाणी साठवणारा भूमिगत बंधारा त्याच सुमारास पूर्ण झाला आणि त्याने थोडा आधार दिला. ज्यांनी मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या एप्रिल-मेच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही.

जमिनीवर काहीच पिकत नाही का?

पिकतं. भात, सातू, लसूण, युजा नावाचं सुवासिक लिंबूवर्गीय फळ, लोकाट. याक्सान बेटावर काळ्या शेळ्या पाळतात. पण सगळ्यात पाहण्यासारखी आहेत चंगसान बेटावरची भाताची खाचरं. डोंगर खडकाळ, माती कमी, पाणी झिरपून जाणारं. तिथल्या लोकांनी सोळाव्या-सतराव्या शतकापासून आधी सपाट दगडांची फरशी रचली, तिच्याखाली पाणी वाहायला बोगदे ठेवले, फटी चिखलाने लिंपल्या आणि वर मातीचा थर पसरून भात लावला. वरच्या खाचरातलं जादा पाणी बोगद्यातून खालच्या खाचरात उतरतं. ही गुदुलजांग खाचरं २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून नोंदवली. पण ती कसायला माणसं उरत नाहीत. यंत्र तिथे चढत नाही.

लोकसंख्या किती आहे, आणि ती घटते आहे हे कितपत खरं?

आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास. १९६० च्या दशकात ती सव्वा लाखाच्या वर होती. तीनांतल्या एकाहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. २०२१ साली सरकारने लोकसंख्या घटीची ८९ क्षेत्रं जाहीर केली, त्यांत वान्दो आहे.

आता सुरुवातीचा प्रश्न. पैसा नाही म्हणून माणसं जात असती तर कोडं नव्हतं. ॲबलोनच्या भरभराटीच्या काळात इथल्या कित्येक घरांचं उत्पन्न शहरातल्या नोकरदाराला हेवा वाटावा असं होतं, काही तरुण शहरातून परतलेही. तरी मुळातली गळती थांबली नाही. कारण घर चालवायला उत्पन्न पुरतं, संसार थाटायला आणखी बरंच काही लागतं: प्रसूतीसाठी जवळ दवाखाना, मुलांना शिकवण्या, बायकोला तिच्या शिक्षणाजोगं काम. बेटांवरच्या शाळा एकेक करून बंद झाल्या. मूल मोठं झालं की मोक्पो किंवा ग्वांगजूला भाड्याने घर घ्यायचं, आई मुलांबरोबर तिकडे, बाप पिंजऱ्यांपाशी, अशी विभागलेली कुटुंबं खूप आहेत. समुद्रात मिळवलेला पैसा शहरातल्या घरांत आणि शाळांत खर्च होतो. जिल्हा प्रशासनाचा स्वतःचा महसूल खर्चाच्या एक-दशांशापेक्षाही कमी, बाकी सगळं वरून येतं. म्हणून पूल, पाणी आणि दवाखाना या तीन गोष्टींकडे मी ॲबलोनच्या दरापेक्षा जास्त लक्ष देतो.

मग काम कोण करतं? भारतीयांना तिथे काम मिळू शकतं का?

बरंचसं काम परदेशी मजूर करतात. व्हिएतनाम, इंडोनेशिया, श्रीलंका, नेपाळ अशा देशांतून माणसं येतात. कोरियाची रोजगार परवाना योजना ठरावीक देशांशी केलेल्या करारांवर चालते आणि त्या यादीत भारत नाही. त्यामुळे या योजनेतून कोरियात मासेमारीचं काम लावून देतो असं सांगून कुणी एजंट पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

मजुरांच्या राहण्याची सोय, कामाचे तास, थकलेला पगार याबद्दलच्या तक्रारी कोरियात वारंवार पुढे येतात. शेवाळ आणि ॲबलोन स्वस्त मिळते त्यात त्यांच्या घामाचा वाटा आहे, हे सांगितल्याशिवाय या जिल्ह्याचं अर्थकारण सांगून होत नाही.

जांग बोगो हे नाव सगळीकडे का दिसतं?

नवव्या शतकातला हा समुद्रावरचा सरदार. चीनमध्ये तांग राजवटीच्या सैन्यात नोकरी करून परतला, तिकडे समुद्री चाचे सिल्ला या तेव्हाच्या कोरियन राज्याच्या लोकांना पकडून गुलाम म्हणून विकताना त्याने पाहिलं होतं. राजाकडे परवानगी मागून त्याने ८२८ साली वान्दोला चंग्हेजिन हा तळ उभारला, चाच्यांचा बंदोबस्त केला आणि चीन, कोरिया, जपान यांच्यामधला व्यापार आपल्या हाती घेतला. पुढे तो गादीच्या राजकारणात पडला आणि ८४० च्या दशकात त्याचा खून झाला. ८५१ साली तळ मोडून इथल्या लोकांना आत मुख्य भूमीवर हलवण्यात आलं. मुख्य बेटाजवळच्या जांगदो या छोट्या बेटावर लाकडी खांबांच्या तटबंदीचे अवशेष आहेत. ओहोटीला चिखलात खुंट दिसतात.

मला यात भूगोलाचं महत्त्व दिसतं. ज्या वाटेवर जांग बोगो बसला ती बेटांमधली, वाऱ्यापासून राखलेली आणि तिन्ही देशांकडे जाणारी. तोच आडोसा आज दोरांना आणि पिंजऱ्यांना मिळतो.

आणखी काही इतिहास?

थोडक्यात. जपानी आक्रमणाशी लढताना १५९८ मध्ये सेनापती यी सुन-शिन यांनी गोगुम बेटावर आरमाराचा तळ हलवला. त्याच वर्षी लढाईत ते पडले आणि त्यांचा देह काही काळ इथे ठेवला होता. कवी युन सोन-दो १६३७ नंतर बोगिल बेटावर येऊन राहिले, तिथे तळी आणि मंडप असलेली बाग केली आणि कोळ्याच्या चार ऋतूंवर चाळीस कडव्यांचं काव्य लिहिलं. सिन्जी बेटावर दरबाराने हद्दपार केलेले विद्वान पाठवले जात. जपानी राजवटीत सोआन बेटाने कडवा प्रतिकार केला. लोकांनी चालवलेली तिथली शाळा १९२७ मध्ये बंद पाडली गेली. आज त्या बेटावर घराघरांवर वर्षभर राष्ट्रध्वज असतो. आणि गोल्फ पाहणाऱ्यांसाठी: के. जे. चोई हा खेळाडू वान्दोचा.

पाहायला जायचं तर कसं आणि कधी?

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो. वान्दोला रेल्वे नाही. सोलहून थेट बस साधारण पाच तास घेते. नाहीतर ग्वांगजू किंवा मोक्पोपर्यंत जलद रेल्वेने जाऊन पुढे बस. वान्दो बंदरातून चंगसान बेटाला सुमारे पन्नास मिनिटं, जेजूला मोठी बोट तीन तासांच्या आत पोचवते.

एप्रिल उत्तम. चंगसानवर मोहरीसारखी पिवळी फुलं आणि हिरवा सातू एकत्र असतो. बेटावर ४२.१९५ किलोमीटरच्या पायवाटा आखल्या आहेत, मॅरेथॉनएवढ्याच, पण सावकाश चालण्यासाठी. २००७ मध्ये या बेटाला आशियातल्या पहिल्या ‘स्लो सिटी’ गावांत, म्हणजे संथ जगणं जपणाऱ्या गावांत, स्थान मिळालं. उन्हाळ्यात सिन्जीचा म्योंगसासिम्नी किनारा. तिथेच २०२३ मध्ये समुद्राचं पाणी, चिखल, शेवाळ वापरून उपचार करणारं केंद्र सुरू झालं आहे. मोठ्या सणांच्या सुट्टीत मात्र बोटींची तिकिटं मिळत नाहीत.

शाकाहारी माणसाने तिथे काय खावं?

शेवाळ शाकाहारी आहे, पण ते ज्यात शिजतं ते पाणी बहुतेक वेळा सुक्या मासळीचं असतं. मियकच्या सारात गोमांस किंवा शिंपल्या असतात. साधा भात, भाजलेलं गिम, भाज्या, टोफू यांवर भागवावं आणि आधी विचारून घ्यावं. तसं पाहिलं तर शेवाळ आपल्याला अगदी परकं नाही: पुडिंगमध्ये घालतो ते चायना ग्रास शेवाळापासूनच होतं.

हे सगळं कोकणात करता येईल का?

हीच शेवाळं नाही. गिम, मियक, दासिमा यांना महिनोन्महिने थंड पाणी हवं आणि आपला समुद्र हिवाळ्यातही कोमट असतो. उष्ण पाण्यात वाढणारी कप्पाफायकससारखी जात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लावतात, आणि केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळशेतीला अनुदान आहे. कोकणात अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर उघड्या समुद्रात तराफे टिकत नाहीत आणि खाड्यांत गोडं पाणी शिरून खारेपणा उतरतो. म्हणजे वर्षातले सात-आठ महिनेच हाताशी राहतात. वान्दोकडून घेण्याजोगी गोष्ट बियाण्यापेक्षा ओचोनगेची आहे: जागेचा हक्क गावाच्या मंडळाकडे, वाटणी सभासदांत, आणि किती दोर लावायचे याची मर्यादा सुरुवातीलाच ठरलेली. ॲबलोनच्या बाबतीत ही मर्यादा वान्दोला वेळेवर पाळता आली नाही.